पाव्हण्याचा नकाशा

माझीच जीभ छाटून टाकावी असं वाटून राह्यलंय. आठ वर्षं झाली मला जाफराबादकडच्या या वाडीवर शिकवायला. पोरं मला आसिफामॅडम म्हणतात, आणि आपल्यासारखं शिकवणारं तालुक्यात कुणी न्हाई, असं मला वाटायचं. घमेंड, दुसरं काय!

तिसरीला लांडगा शिकवत होते. "लांडगे लई थोडे उरलेत, त्यांना जपायचं," म्हणले आणि विचारलं, "कुणी पाह्यलाय का?" सगळी पोरं वरडली, "मी, मी!" शालू तेवढी मान खाली घालून बसली. तिचा बाप कडूबा मेंढरं राखतो; ती त्याला आबा म्हणते. हिला ठिकाण ठाऊक असणार, हे मी बराबर ताडलं.

दोन दिवस तिच्या मागं लागले. शेवटी ती कानाशी येऊन म्हणली, "मॅडम, आमच्या घरात त्याचं नाव घेत न्हाईत. पाव्हणं म्हणतेत. पाव्हण्याचं घर कुणाला सांगायचं नस्तं."

"अगं, मी काय परकी हाय का?"

मंग ती बोलली. पाझर तलावाच्या मागच्या घळीत, पळसाखाली बीळ. आत चार पिल्लं. मी इतकी खूश झाले की तिला फळ्यावर नकाशाच काढायला लावला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. "उतरवून घ्या रे सगळे, आणि घरी दाखवून सही आणा!" रोजच्या अभ्यासावर घरच्यांची सही, ही माझी शिस्त. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे सही घेऊन आले. मी एकेका वहीवर 'छान' लिहिलं.

अक्कल कुठं चरायला गेल्ती माझी? ज्यांच्या शेळ्या लांडग्यानं नेल्त्या, त्यांच्याच घरात मी तो नकाशा पोचवला. लोकांनी घळीत जाऊन धूर केला, बिळाचं तोंड दगडांनी बुजवलं. पिल्लं आतच मेली.

त्या दिवसापासून शालू वर्गात गप्प. काल डबा खाताना तिच्याजवळ बसले. म्हणले, "शालू, चूक माझी हाय. तुझी बिलकुल न्हाई."

"मंग आबाला सांगा ना," ती म्हणली. "चार दिवस झाले, आबा माझ्याशी बोलून न्हाई राह्यले."

शाळा सुटल्यावर परतीची जीप सोडून दिली आणि तिच्यासंगं घरी गेले. कडूबा मेंढरांना पाणी पाजत होता. मी हात जोडले. "भाऊ, पोरीवर राग धरू नका. माझ्याच शहाणपणानं घात केला. काय बोलायचं ते मला बोला."

त्यानं बादली खाली ठेवली. मान वर केली न्हाई.

"पोरीवर कशाचा राग, मॅडम? लोक दारात आल्ते. म्हणले, तुला ठावं व्हतं आन् तू झाकून ठिवलं. आता पयला दगड तूच ठिव, न्हाईतर वाडीत तुझं मेंढरू चरू देणार न्हाई. ठिवला मी. आतून आवाज येत व्हता पिल्लायचा. आता हिच्याशी कोन्या तोंडानं बोलू?"

शालूनं माझा हात धरलेला होता, तो सोडला.

"आबा, तुमी?" एवढंच म्हणली.

बापलेकीला बोलतं करायला गेल्ते मी. या अल्ला, काय ऐकवलं मी त्या लेकराला!