मुरलीनं भरलेला दात

कड लागते. जीभ वर नेली की समोरच्या दाताच्या पाठीला, जिथं दात संपतो आणि भरलेलं सुरू होतं तिथं, एक बारीकशी कड – केसाएवढीच, पण जिभेला केससुद्धा दोरखंड वाटतो. काल नव्हती. की होती, आणि काल आपलं लक्ष नव्हतं? गुरुराजनं कॉफीचा पेला ओठांपासून वर धरून धार तोंडात सोडली, कॉफी त्या दातावरून गेली, आणि तो वाट बघत राहिला... ठणक नाही. हे तर आणखी वाईट. ठणकलं असतं तर निदान काहीतरी नक्की कळलं असतं.

आज संध्याकाळी अक्का येणार होती, उत्तर घ्यायला. अक्का म्हणजे कमलाक्षी, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्यामुळं ती विचारते तेव्हाही सांगितल्यासारखंच वाटतं. तिचा मुलगा मुरली दातांचा डॉक्टर, राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचा दवाखाना. आणि गुरुराजची मुलगी अखिला. आत्याचा मुलगा, मामाची मुलगी – तंजावरात आपल्या मराठी भाषेची घरं उरलीत किती, त्यात याहून सरळ सोयरीक कोणती? सगळे धरूनच चालले होते. त्याची बायको अंबुजा असती तर तिनंही हसत हो म्हटलं असतं. पण अंबुजा नाही, आणि हो म्हणायचं ते एकट्यानं, आणि ही कड.

दोन वर्षांपूर्वी दवाखाना उघडला त्या शुक्रवारी पहिला रोगी म्हणून खुर्चीत बसला तो मामाच. मामाच्या हातून शुभारंभ व्हावा ही अक्काची इच्छा. मुरलीनं आधी वाकून नमस्कार केला, मग हातमोजे चढवले. दाढेत चांदी भरायची जुनी पद्धत गुरुराजला ठाऊक होती, त्याच्या मागच्या दाढेत ती तरुणपणापासून बसली आहे, काळी पडलीय पण हललेली नाही. हे नवीन होतं. दाताच्याच रंगाचा मऊ लगदा, थरावर थर लावायचा आणि प्रत्येक थरावर निळ्या प्रकाशाचा दिवा धरायचा, की तो तिथंच कडक होतो. "कडक होतांना थोडं आकसतंय मामा, म्हणून थोडं थोडं भरायचं," मुरली म्हणाला होता, खूप आनंदात. आणि मग वरचा पंखा मंदावला.

हे आपण पाहिलं. तोंडात कापूस, जबडा उघडा, नजर छताला – पंख्याशिवाय पाहणार काय? पाती एकेक मोजता येतील इतका तो मंदावला, दाबच उतरला विजेचा, आणि मुरलीच्या हातातला निळा प्रकाशही फिका पडला. मुरलीनंही वर पाहिलं. "अम्मा, करंट..." एवढं तो म्हणाला. दारात अक्का उभी होती, रेशमी साडीत, हातात कुंकवाची वाटी. "साडेदहाला राहुकाळ लागतंय. त्याच्या आंत उठव मामाला. करंट जाईल, येईल. राहुकाळ कोणासाठी थांबतंय?" मुरली क्षणभर तसाच राहिला. मग त्यानं तो फिका दिवा दातावर धरला.

दिवा कमी पडला तर वरचा पापुद्रा कडक होतो आणि आत लगदा लगदाच राहतो, हे गुरुराजला नंतर कुठल्याशा मासिकात वाचायला मिळालं. आणि ते त्याला लगेच पटलं, कारण त्याचा धंदाच तो. वजनमापांचा निरीक्षक. दुकानातल्या लोखंडी वजनाच्या पोटात एक खळगा असतो, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि शिशावर सरकारी शिक्का. वजन उलटं करून, शिक्क्यावर नख दाबून त्यानं जन्म घालवला. आतलं शिसं उकरून मेण भरणारे आणि वर शिशाचा पातळ पत्रा बसवणारे व्यापारी त्यानं पकडले होते. वरून सगळं ठीकच दिसतं. नख रुतलं की मग समजतं.

तर प्रश्न दाताचा नाहीच. दात पडला तर पडला, मी काही नवरामुलगा नाही. प्रश्न असा की, दारातून आई बोलली आणि त्या पोराला माहीत असलेली गोष्ट त्यानं गिळली. उद्या अखिला आजारी असेल, किंवा तिला नोकरी सोडायची नसेल – कॉम्प्युटर क्लासात शिकवते ती, सगळ्या गावाला आता कॉम्प्युटर शिकायचाय – आणि दारात अक्का उभी राहील, कुंकवाची वाटी घेऊन, आणि मुरली वर पंख्याकडे एकदा बघेल... मग? माझ्या मुलीवर कुठला फिका दिवा धरणार तो? एकुलती एक मुलगी आहे. ती काही परत भरून घेता येत नाही.

आज त्याची फेरी ओरत्तनाडू गावाला होती. बाजारात दोन दुकानं त्यानं तपासली. दुसऱ्या दुकानदारानं नवा विजेचा काटा आणला होता, हिरव्या आकड्यांचा, आणि तो कौतुकानं दाखवत होता. आकडे कोण फिरवतो आतून ते दिसत नाही, गुरुराज मनात म्हणाला, आणि काटा दोनदा तपासला. काटा बरोबर होता. त्यामुळं त्याची चिडचिडच झाली.

जेवणाच्या सुट्टीत तो बसस्टँडजवळच्या एका दंतवैद्य बाईंकडे गेला. तंजावरात जाणं शक्यच नव्हतं, संध्याकाळच्या आत अक्काला कळलं असतं की भावानं भाच्याची तपासणी लावलीय. बाईंनी तमिळमध्ये विचारलं, कुठं भरलाय? "मद्रासला," तो म्हणाला. लोकांना खोटं बोलताना पकडणाऱ्या माणसाला इतकं सहज खोटं बोलता येतं याचं त्याला थोडं आश्चर्य वाटलं. बाईंनी छोटा आरसा आत घातला, टोकदार सळीनं कड चाचपली, दाबली. नख रुतवतात तसं. तो श्वास धरून बसला.

"छान भरलंय," बाई म्हणाल्या. "कडेला कॉफीचा डाग आहे, तो घासून जाईल. पण हे दोनदा भरलेलं दिसतंय."

"दोनदा?"

"पहिलं काढून पुन्हा भरलंय. कोपऱ्यात पहिल्याचा जरासा अंश राहिलाय, त्याची छटा वेगळी आहे. ज्यानं केलं त्यानं दुसऱ्यांदा खूप वेळ घेऊन केलंय."

किती टिकेल, त्यानं विचारलं. पाच-सात वर्षं तरी, जास्तही, बाई म्हणाल्या. चांदीएवढी खात्री कुणी देणार नाही, पण सारखी जीभ लावू नका. तो उठला. या लोकांची आपसात जूट असते, एक डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणार नाही... हा विचार आला, पण बाईंना मुरलीचं नावही माहीत नव्हतं, त्यामुळं तो विचार काही टिकला नाही.

परतीच्या बसमध्ये त्याला आठवलं. दवाखाना उघडल्यावर काही दिवसांनी मुरलीनं निरोप पाठवला होता, "मामा, सहज बघतों एकदां." दुपारची वेळ, दवाखान्यात कुणी नव्हतं, अक्का तर नव्हतीच. किती वेळ तो खुर्चीत पडून होता! यंत्राचा आवाज, पाण्याचा फवारा, तो निळा दिवा पुन्हा पुन्हा... आणि आपण विचारलंही नाही. घासूनपुसून दिलं असेल म्हणून घरी आलो. म्हणजे पोरानं चूक झाकून ठेवली, की चूक सुधारली? दोन्ही केलं. आईपुढं गिळलं ते आईमागं नीट केलं, आणि ज्याच्या तोंडात ते केलं त्याला चकार शब्द सांगितला नाही. हा चांगला माणूस, की पक्का माणूस? बसच्या खिडकीतून भातखाचरं मागं जात होती आणि त्याला काही ठरवता येत नव्हतं.

घरी आला तेव्हा अखिला स्वयंपाकघरात कॉफीच्या फिल्टरवर उकळतं पाणी ओतत होती. आत्या येणार म्हणून तिनं साडी बदलली होती. गुरुराज दाराशी उभा राहिला.

"मुरलीनं माझा दात दोनदां भरला. माहीत आहे तुला?"

तिनं पाणी ओतायचं थांबवलं नाही. "माहीत आहे, अप्पा."

"कोणी सांगितलं?"

"त्यानंच. उद्घाटनाच्या दिवशींच. आंत मऊ राहिलंय म्हणाला, करंट उतरलेलं. झोंप नव्हती त्याला."

उद्घाटनाच्या दिवशी. म्हणजे हे दोघं तेव्हापासून... गुरुराजनं तो धागा ओढायला हात घातला आणि सोडला. "मग मला कां सांगितलं नाहीं?"

"सांगितलं असतं तर तुम्हीं त्याचा दवाखानाच सील केलां असतां!" ती हसली. मग तिनं मान वर केली आणि तिचं हसू गेलं. "असं नाहीं अप्पा... तुम्हांला कांहीं सांगायचं म्हणजे भीती वाटते. सांगितलं कीं तुम्हीं तपासायला लागतां."

"आणि आत्याला तरी सांगावं कीं नाहीं त्यानं?"

"आत्याला कोण सांगतंय?" ती हळूच म्हणाली. "तुम्हीं सांगितलां का आजवर, कांहीं?"

पंखा मंदावला तेव्हा आपल्या तोंडात कापूस होता, पण हात तर मोकळे होते. खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला हात नुसता उचलला असता तर मुरली थांबला असता; रोग्यानं हात उचलला की थांबायचं, एवढं तो आधीच सांगून मोकळा झाला होता. आपण उचलला नाही. अक्का बोलली होती ना. त्या पोरानं निदान नंतर कुणाला तरी सांगितलं, जाऊन पुन्हा केलं. मी तर तो लगदा तोंडात घेऊन घरी आलो, आणि दोन वर्षं त्याच्यावर संशय घेत बसलो.

बाहेर फाटक वाजलं. "गुरू, आहेस का रे घरांत?" अक्काचा आवाज, नेहमीसारखा, विचारतानाही सांगणारा.

अखिला फिल्टरचं झाकण हातात धरून तशीच उभी होती. तुला तो हवाय का? एवढं एकच विचारायचं होतं, आणि ते एवढ्या दिवसांत त्यानं विचारलंच नव्हतं. सोयरीक तपासली, दात तपासला, ओरत्तनाडूपर्यंत जाऊन आला. अजून वेळ होता, अक्का ओसरीवर चपला काढत होती. त्यानं तोंड उघडलं आणि अखिलाचे डोळे बारीक झालेले त्याला दिसले, सावध, दुकानात शिरलेल्या निरीक्षकाकडं बघावं तसे. विचारलं तर ती खरं सांगेल का? मला सांगेल? त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की त्याला ते विचारवेना, आणि तरी तो दारातून हलला नाही.