तुटकी पिन

"आवाज वाढवलाय का पण?" दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं.

"अहो बाई, वाढवून वाढवून बटण झिजलं," टेलरमास्तर वैतागले. "सकाळपासून डोकं फोडतोय. हूं नाही की चूं नाही."

मास्तरांचा वैताग खराच होता. सातासमुद्रापारच्या लेकीला परवा मुलगी झाली होती आणि आज संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर बाळ दाखवणार होती. बायकोला फोनच्या टीचभर पडद्यावर धड काही दिसत नसे, म्हणून दोन वर्षं चादरीखाली झाकलेला हा जुनाट कॉम्प्युटर उघडला. चित्र आलं, आवाजाने दगा दिला. मास्तरांना तर आवाजच हवा होता. "चेहरा काय, फोटोतही दिसतो," ते म्हणत होते. "पोर रडलं की घर भरतं हो." दोन वर्षांत त्या घरात शिलाई मशीनच्या खडखडाटाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

बाईंनी स्पीकर आपल्या फोनला लावून पाहिले. ठणठणीत होते. सेटिंग तपासलं, तेही ठीक. मग पडद्याच्या कोपऱ्याला लटकणारा हेडफोन त्यांना दिसला.

"हा कुणाचा?"

"मुलाचा," मास्तर म्हणाले आणि उगाचच गळ्यातली टेप गुंडाळू लागले.

बाईंनी त्याची पिन निरखली. टोक नव्हतं. टॉर्च लावून कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या भोकात डोकावल्या. "हे बघा. टोक आत मोडून बसलंय. कॉम्प्युटरला वाटतंय, अजून कुणीतरी हेडफोन लावून बसलंय. सगळा आवाज तिकडेच सोडतोय बिचारा."

मास्तरांना तो दिवस आठवला. आईने जेवायला हाक मारली, पोरगं तसंच उठलं, तार खुर्चीत अडकली आणि पिन मोडली. "नवा घेऊन येतो, हा गेलो नि हा आलो," म्हणत सायकलवर टांग मारून गेलं. कोपऱ्यावर ट्रकने उडवलं. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"निघेल ते," बाई हळूच म्हणाल्या. "बारीक सुई हवी, टोकाला गोंदाचा थेंब."

टेलरच्या घरात सुयांना काय तोटा! मास्तरांनी कॉलरला खोचलेली सुई काढली. गोंदाची बाटली पुढे ओढली.

"थांबा हो." बायको कधीची दारात उभी होती. "म्हणजे आज लेक जे बोलेल, ते त्याच्या कानात जाणार?"

बाई गडबडल्या. "तसं नाही हो वहिनी. मशीनला आपलं वाटतं..."

"मशीनला तरी वाटतंय ना! मामा झालाय तो. भाचीचा पहिला आवाज त्याला ऐकू दे. आपण उद्या ऐकू."

 मास्तरांना तो आवाज आजच हवा होता, आत्ता हवा होता. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई परत कॉलरला खोचली.

संध्याकाळी लेक पडद्यावर आली. तिचे ओठ हलत होते. तिने दुपटं पुढे धरलं. आतलं एवढंसं तोंड आ वासून, लालबुंद होऊन रडत होतं. लेकीने कानाला हात लावून खुणेने विचारलं, येतोय का आवाज?

"येतोय गं," आई म्हणाली. "अगदी स्वच्छ येतोय."

मास्तरांनीही मान हलवली. मधली, मुलाची खुर्ची दोघांनी रिकामीच सोडली होती.