उंच केलेल्या केइतोराचं आत्मवृत्त

मी एक हलका ट्रक आहे. जपानमध्ये आम्हाला केइतोरा म्हणतात. दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि पिवळी नंबरप्लेट. सध्या चिबा प्रांताच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत एका गॅरेजच्या मागच्या अंगणात उभा आहे. इंजिनात चिखल भरलाय आणि पुढची काच नाही.

माझा पहिला मालक भातशेती करायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, फुमिए-साननी ('सान' म्हणजे तुमच्याकडचं 'जी'), मला निहार या मराठी संशोधकाला दिलं. कोणता उतार कधी घसरेल, याचा तो अभ्यास करायचा. राहायला लांब, इचिकावा शहरात. आठवड्यातून काही दिवस ट्रेननं इकडच्या संशोधन केंद्रात यायचा आणि मला घेऊन रानात जायचा. जाता-येता फुमिए-सानची चौकशी करायचा, त्यांना दवाखान्यात न्यायचा. त्या डोंगरात वर एकट्याच राहायच्या.

रानातल्या रस्त्याला खोल चाकोऱ्या होत्या. माझं पोट दगडांना घासायचं. म्हणून निहारनं मला उंच करायचं ठरवलं. आम्ही गॅरेजमध्ये गेलो त्या शनिवारी त्याची बायको सुचित्राही आली होती.

"चार इंचांचं किट रुबाबदार दिसतं," गॅरेजवाले कुरोसे-सान म्हणाले, "पण गाडी जुनी आहे. वळणावर डोलेल, पुढच्या ॲक्सलवर ताण येईल. दोन इंचांचं साधं आहे. नव्या स्प्रिंग, मागे नवे पाटे."

निहारनं आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. तरी त्याचा जीव चार इंचांत अडकला होता.

"अरे, फुमिए-सान चढणार कशा त्यात?" सुचित्रा म्हणाली. "मलाच शिडी लागेल."

तो हसला आणि दोन इंचांचं किट घेतलं.

किट छान बसलं. म्हातारपणी कुणी नवे गुडघे द्यावेत तसं मला वाटलं. दगड लागेनासे झाले. पण निहार बदलला. पूर्वी वाटेत ओढ्याला पाणी दिसलं की तो खाली उतरायचा, काठीनं खोली बघायचा, कधीकधी परतायचा. आता नुसता गिअर बदलायचा. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

मग शरदातलं ते वादळ आलं. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी गाव रिकामं करायची सूचना सगळ्यांच्या फोनवर वाजली. फुमिए-सान फोन उचलत नव्हत्या. निहार माझ्यात येऊन बसला, तेवढ्यात सुचित्राचा फोन आला.

"तू केंद्रातच थांब. अग्निशमन दलाचे लोक जातील ना."

"त्यांना अख्खं खोरं बघायचंय गं. मी पटकन फुमिए-सानना घेऊन येतो. गाडी आता उंच आहे."

"निहार, नको जाऊस."

"पोचलो की फोन करतो."

वरच्या वळणाखाली ओढा रस्त्यावरून वाहत होता. गढूळ, फांद्या घेऊन. निहार थांबला. वायपर चालू होते. मग त्यानं मला पाण्यात घातलं.

पाणी दाराशी आलं आणि माझी चाकं जमिनीवरून सुटली. उंची वाढली होती, वजन तेवढंच होतं. मी आडवा होऊन वाहू लागलो. निहारनं काच खाली केली आणि अर्धा बाहेर निघाला. एक झाडाचं खोड आमच्यावर आदळलं. त्यानंतर तो माझ्यात नव्हता.

मी खालच्या पुलाला अडकलो. निहारचा देह पाणी ओसरल्यावर बांबूच्या बनात सापडला.

फुमिए-सान सकाळीच शेजाऱ्यांबरोबर शाळेच्या सभागृहात गेल्या होत्या. फोन घाईत घरीच राहिला होता. वर जाताना आम्ही त्याच शाळेवरून गेलो होतो.

काल सुचित्रा इथं आली. बराच वेळ माझ्या दारावर हात ठेवून उभी राहिली. मग कुरोसे-सानना तिनं विचारलं, "चार इंचांचं घेतलं असतं तर? मीच नको म्हटलं होतं."

"त्या पाण्यात तेही पुरलं नसतं."

"खरं सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

कुरोसे-साननी मान खाली घातली.

तिच्यामागून फुमिए-सान आल्या होत्या. त्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून वाकल्या, कपाळ मातीला लावलं. "माझ्यासाठी आला होता तो," एवढंच म्हणाल्या. तुमचा दोष नाही, असं सुचित्रानं म्हणावं, असं मला वाटत होतं. तिच्या ओठांवर ते आलं नाही.

"उठा," ती शेवटी म्हणाली. "जमीन गार आहे." आणि तिनं त्यांना काखेत हात घालून उठवलं.

स्प्रिंग अजून नव्या आहेत, काढून दुसऱ्या गाडीला बसवू का, असं सुचित्रा निघताना कुरोसे-साननी विचारलं. ती नको म्हणाली.

आता मला भंगारात नेतील. त्याचं दुःख नाही, माझं वय झालंच होतं. तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर खुशाल उंच करा. दगड लागत नाहीत, हे खरं आहे. पण आम्ही हलके असतो हो. कितीही उचललंत तरी हलकेच राहतो. वाहतं पाणी दिसलं तर आमच्यावर विसंबू नका, मागे फिरा. आम्हाला ब्रेक दाबल्याशिवाय थांबता येत नाही.