आत्याचा जिना आणि माझं कार्ड

माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. घरात दोघीच, बायको उत्तरा आणि माझी कांताआत्या, आणि दोघींना हे चांगलं माहितीये. तरी त्या शनिवारी उत्तरा कॅबिनेटचं झाकण उघडून, हातात ब्लोअर घेऊन बसलेली आणि म्हणते कशी, "सुदेश, तुझं ग्राफिक्स कार्ड मी ओव्हरक्लॉक करणारे."

"याआधी केलंयस कधी?" मी ओरडलोच. "कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवायचं असतं ते. जळलं म्हणजे?"

"पहिलीच वेळ आहे. म्हणूनच घाई करणार नाही," ती म्हणाली आणि तिने पंख्यातली धूळ उडवली. सगळी माझ्या तोंडावर.

आता हे कशासाठी चाललेलं ते सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच खडूस म्हणाल. मला आत्याने वाढवलं, इथे डोंबिवलीत, शिवणकाम करून. गुडघे गेले तरी ती दर रविवारी कल्याणच्या बुद्धविहारात जायची आणि वंदना झाली की तिथल्या बायकांना कपडे बेतायला शिकवायची. स्टेशनच्या पायऱ्या झेपत नाहीत म्हणून सरकत्या जिन्याने चढायची. गेल्या वर्षी त्यावर पाय टाकताना साडी पायात आली आणि बाई पडली. लागलं फार नाही, पण भीती बसली ती बसलीच. लिफ्टमध्ये तिचा जीव घुसमटतो. रिक्षाने सोडतो म्हटलं तर म्हणते, "मी काय पार्सल आहे? माझी मी जाईन, नाहीतर नाही जाणार." झालं, शिकवणी बंद. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून नुसती खिडकीत बसायची. मला ते बघवायचं नाही, मग मी उगाच तिच्यावरच चिडायचो.

चिडण्यापलीकडे काहीतरी केलं ते उत्तराने. ती माजिवड्याला एका फर्निचरवाल्याकडे कामाला आहे. किचन बनायच्या आधीच गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर त्यात फिरवून आणते. तिने सुट्ट्यांमध्ये बसून अख्खा सरकता जिना बनवला. हेडसेट डोळ्यांवर चढवला की तुम्ही थेट स्टेशनात, समोर जिना सरकतोय, आजूबाजूला माणसं. आत्याने घरातल्या घरात सराव करायचा. मानलं मी तिला. पण पहिल्याच दिवशी चित्र अडखळलं. आत्याने मान वळवली की जिना झटके खात मागून यायचा. तिला गरगरलं. हेडसेट काढून म्हणाली, "खऱ्याने पाडलं, आता खोट्यानेही पाडतेस का गं?" खूप गयावया केल्यावर कबूल झाली, "अजून एकदा बघेन. एकदाच."

"अगं, मग माणसं कमी कर ना," मी उत्तराला म्हटलं. "एवढ्या गर्दीनेच कार्ड दमतंय."

"सावल्या कमी केल्या, भिंती साध्या केल्या, तरी थोडक्यात राहतंय. तेवढ्यापुरतं कार्ड पळवायचं. गर्दी काढायची नाही. रिकाम्या जिन्याला आत्या घाबरतच नाहीत."

कप्पाळ! मी तिच्या मागे खुर्ची ओढली. माझं कार्ड होतं, लक्ष ठेवायला नको?

आधी तिने काहीच न बदलता कार्ड पळवलं, नेहमीच्या कामात ते किती तापतं बघायला. मग पंख्याचा वेग वाढवला. मग कार्डाचा वेग एवढासाच वर सरकवला आणि चाचणी लावून बसली. स्क्रीनवर एक रंगीत आकृती गरागरा फिरते, ती बघत राहायचं. मी दोनदा चहा करून आलो, बाई हललेली नाही. काही बिघडलं नाही, तेव्हा परत एवढासा वेग, परत चाचणी.

"अगं एकदम चढव ना! पोरं नेटवर व्हिडिओ टाकतात, एका झटक्यात करतात."

"चढवते. आणि अडलं तर कुठे अडलं ते कसं कळणार?"

"व्होल्टेज तरी वाढव."

"त्याला मी हात लावणार नाही. तो आपला घास नाही."

खरं सांगू? मला तिचा राग येत होता आणि तिच्यावरून नजरही हटत नव्हती. ऑफिसात बॉस हिच्यावर आवाज चढवतो, ही ऐकून घेते. मी चिडतो, तेही ऐकून घेते. मला वाटायचं, स्वभावच मऊ आहे. पण इथे मी तासभर डोकं खाल्लं तरी तिचं बोट एक खूण जास्त सरकलं नाही.

शेवटी जिना चालवून बघितला. हेडसेट माझ्या डोक्यावर, प्रयोगाचा उंदीर मीच. चित्र मस्त पळत होतं, फक्त गर्दी दाटली की एखादा बारीकसा झटका. "वेग अजून एक पायरी वर," मी म्हटलं. तिने चढवलं. लोण्यासारखं! मी खोट्या जिन्यावर चढलो, अर्ध्यात पोचलो, खाली बघितलं, आणि सगळं काळं झालं.

आई गं! पाय घरच्या लादीवर होते हो, तरी वाटलं, पडलोच! मी हात मारत कपाट पकडलं. हेडसेट ओढून काढला तर स्क्रीनही काळा.

"गेलं! जाळलंस माझं कार्ड!"

"काही गेलेलं नाही. जास्त झालं की ते स्वतःच थांबतं," उत्तरा म्हणाली. मशीन बंद करून तिने परत चालू केलं. कार्ड मुकाट मूळ वेगावर येऊन बसलेलं. मग ती माझ्याकडे वळली. "घाबरलास?"

"छट्!"

"सुदेश, तू धडधाकट माणूस कपाटाला लटकलास. तिथे आत्या असत्या तर?"

मी आपला कार्डाचा जीव सांभाळत बसलेलो. ही पहिल्यापासून आत्याचा सांभाळत होती.

तिने वेग एक नाही, दोन पायऱ्या खाली आणला. जो बारीक झटका उरत होता, तो तिने लांबच्या भिंतींवरच्या जाहिराती काढून घालवला. गर्दीतला एक माणूस हलवला नाही. एवढ्यावर मी हात झटकले असते. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आमच्या वरच्या मजल्याची भट्टी झालेली असताना, तिने खिडक्या लावून पुन्हा चाचणी घेतली. घामाने निथळत बसून राहिली. "आत्या काय गारव्यातच सराव करणारेत?" म्हणाली. काय बाई आहे! मी टॉवेल आणून तिच्या खांद्यावर टाकला आणि पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही.

आत्याला हेडसेट चढवला तेव्हा मी मागे खुर्ची धरून उभा राहिलो. उत्तराने तिचा हात धरलेला. आत्याने मान वळवली, परत वळवली. "आज हलत नाहीये गं," म्हणाली. पाय उचलला, ठेवला. मग पुन्हा एकदा. जेवायला हाक मारली तर म्हणते, "थांब रे सुद्या, मी जिन्यावर आहे."

रोज सराव झाला. मग एका रविवारी आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. ठरलेलं एवढंच की एकदा वर चढायचं आणि घरी यायचं. खऱ्या जिन्यासमोर आत्या थांबली. मी तिचा दंड घट्ट धरलेला. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, चला ना." माझं डोकं तडकलं, मी वळून त्याला झापणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "हात सोड."

मी उत्तराकडे बघितलं. तिने मान हलवली. मी सोडला. आत्याने साडीच्या निऱ्या एका हाताने उचलल्या, दुसरा सरकत्या पट्ट्यावर ठेवला आणि पाय टाकला. पांढरी साडी गर्दीत वर वर जात राहिली. आम्ही मागून धावलो.

वर ती कडेला उभी होती, धापा टाकत, तोंडभर हसत. उत्तरा तिच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मीही डोळे पुसले, लपवायचं काय त्यात.

"चला आत्या, रिक्षा करू," उत्तरा म्हणाली.

"तुम्ही करा. मी कल्याणला चाललेय." आत्याने पर्स उघडून दाखवली. आत तिची कापड कापायची मोठी कात्री होती, रुमालात गुंडाळलेली. "घरूनच घेऊन निघालेय."