सहाशेत एकच रायफल

आग लागून दोन महिने झाले, तरी लाइल ब्रेकेचा जीव काही थाऱ्यावर आला नव्हता. बायकोच्या भावाच्या, गसच्या, आवारात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये दोघं राहत होती. लाइल सकाळी उठायचा, बूट चढवायचा आणि ट्रेलरभोवती फेऱ्या मारायला लागायचा. मग पिकअपचं बॉनेट उघडायचा, बंद करायचा, गसच्या कुंपणाचे खांब हलवून बघायचा. पुन्हा फेऱ्या.

"लाइल," खिडकीतून त्याची बायको आर्लेट म्हणाली, "आणखी एक चक्कर मारलीस तर खांबाला बांधीन तुला. माझं डोकं गरगरतंय."

"मग बघू नकोस."

"सात फुटांच्या डब्यात बघायला दुसरं आहे तरी काय?"

ऑगस्टमध्ये खोऱ्यात वणवा शिरला आणि एका दुपारी त्यांचं घर राख झालं. लाकडी घर, जळणाची खोप, लाइलच्या बापाने बांधलेला गोठा, सगळंच. पोलादी कपाटातल्या पाच रायफलीही गेल्या. कपाट उभंच होतं, पण उघडलं तेव्हा दस्त्यांचा कोळसा झालेला आणि नळ्या रंग उडून वाकलेल्या. हरणासाठी एक, एल्क या मोठ्या सांबरासाठी एक, अस्वलासाठी एक. लाइलचं प्रत्येक जनावराला वेगळं हत्यार असायचं. मोंटानातल्या त्या डोंगराळ भागात लोक हिवाळाभर शिकारीचं मांस खातात. ऑक्टोबर अर्धा सरला होता, हंगाम नऊ दिवसांवर आला होता आणि गसने दिलेला जुना फ्रीजर रिकामा होता.

आर्लेट बेकरीत पहाटपाळी करायची. त्या दिवशी कामावरून आली तशी तिने एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"सहाशे डॉलर. यात रायफल, दुर्बीण, काडतुसं, सगळं बसव. पाच नकोत, एकच घे, जी सगळ्याला चालेल. आणि आत्ताच्या आत्ता इथून बाहेर पड."

"सहाशेत काय येतं?"

"तू गेल्याशिवाय कसं कळेल? जा."

गसने आपली जादा रायफल फुकट देऊ केली होती. लाइलने नको म्हटलं. मेव्हण्याच्या आवारात राहायचं, त्याच्या नळाचं पाणी प्यायचं, वर त्याचीच बंदूक खांद्यावर मिरवायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गावात पेट्रीचं दुकान होतं. मासे पकडायचे गळ, बूट आणि मागच्या भिंतीला बंदुका. पेट्री आणि लाइल एका वर्गात होते. पेट्रीने आधी खांद्यावर हात ठेवला, मग नेहमीसारखं सुरू केलं.

"ये. काय दाखवू? की नुसतंच काउंटर पुसायला आलास?"

लाइलची नजर तोवर जुन्या मालाच्या रांगेत अडकली होती. तिथे अक्रोडाच्या दस्त्याची एक रायफल होती, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची. नळीवरचा निळा रंग हात लागून लागून फिका पडलेला. त्याच्या बापाची अगदी अशीच होती. त्याने ती उचलली आणि खांद्याला लावली. ती आपसूक बसली.

"पाचशे पंच्याहत्तर," पेट्री म्हणाला. "आणि तिच्यावर दुर्बीण नाही. बसवायला भोकंही पाडलेली नाहीत."

"उघड्या निशाण्यावर मारीन. बाप मारायचा."

"तुझा बाप तेव्हा तिशीत होता. तू एकसष्टचा आहेस. परवा बँकेपाशी समोरून हात केला तर मला ओळखलं नाहीस तू. उघड्या निशाण्यावर हरीण राहील बाजूला, गसची गाय आडवी होईल."

"किंमत कमी कर मग."

"ती माझी नाही रे, विकायला ठेवलेली आहे कुणाची तरी." पेट्रीने खालच्या फळीवरून दुसरी काढली. काळा प्लास्टिकचा दस्ता, आखूड नळी, कुठे नक्षी नाही की लकाकी नाही. "ही बघ. नवी कोरी. थ्री-ओ-एट काडतुसाची. धक्का कमी, काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात, हरीण पाडते, एल्क पाडते, अंतर बेतात ठेवलंस तर अस्वलही. तीनशे एकोणसत्तर. पैसा बंदुकीवर वाचव आणि दुर्बिणीच्या काचेवर घाल, लाइल. दिसलंच नाही तर मारणार काय?"

"हे तर पाइप जोडायचं हत्यार वाटतंय."

"मग पाइप जोड."

लाइल रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. अक्रोडाची उचलली, ठेवली, काळी उचलली, ठेवली. वाटेत दुसऱ्या गावच्या गहाणाच्या दुकानातही डोकावला. तिथला माणूस जबर धक्क्याच्या मॅग्नम रायफलीची भलामण करत होता. लाइल तिथूनही निघाला. तिसऱ्या दिवशी परत पेट्रीकडे. जायला-यायला चाळीस मैल. भाव, वजन, नळीची लांबी त्याच्या डोक्यात भिरभिरत राहायची आणि घ्यायची म्हटली की हात आखडायचा. आपलं घोडं कुठे अडतंय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण त्या जागेला तो विचारातसुद्धा हात लावत नव्हता.

"तीन दिवसांचं पेट्रोल कुठून आलं?" आर्लेटने विचारलं.

तो बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"पाकिटातून ना? उद्या मी येते."

चौथ्या दिवशी ती बेकरीचा पांढरा अ‍ॅप्रन न काढताच दुकानात शिरली. पेट्रीने दोन्ही रायफली काउंटरवर मांडल्या. तिने आधी अक्रोडाची उचलली. दस्ता तिच्या दंडावर आला, नळी जमिनीकडे झुकली.

"ही मला लांब होते."

"तुला कशाला व्हायला हवी?" लाइल म्हणाला.

"मीही येणार आहे."

लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत आर्लेट एकदाही शिकारीला गेली नव्हती. मांस कापायची, बांधायची, शिजवायची. पण डोंगरात बर्फावर बसून कुडकुडणं हा वेडेपणा आहे, असं तिचं मत. लाइल तिच्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय? त्या पत्र्याच्या डब्यात एकटी बसून मी वारा ऐकणार नाही. एकच बंदूक आहे ना? मग दोघांना बसेल अशी घे."

पेट्रीने स्क्रू काढून काळ्या रायफलच्या दस्त्यातली एक चकती काढली. दस्ता बोटभर आखूड झाला. आर्लेटने खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या भुसा भरलेल्या हरणावर रोखली.

"ही चालेल."

"दिसायला कशी आहे बघ तरी."

"लाइल, दिसायला मी तरी कशी आहे आता?"

पेट्रीने तोंड फिरवून दुर्बिणी काढल्या. नऊपट मोठं दाखवणारी एक, सवलतीत एकशे एकोणचाळीसला. ती बसवायच्या कड्या बावीस. काडतुसांची एक स्वस्त पेटी सरावाला, एक चांगली शिकारीला, मिळून साठ. पट्टा त्याने आपल्याकडून टाकला. पाचशे नव्वद झाले. पाकिटातून पेट्रोलला गेलेले आर्लेटने पर्समधून भरले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बंदूकखरेदीच्या फॉर्मवर सही करताना तारीख चुकला.

गसच्या शेतामागे खडीची खाण होती. तिथे त्यांनी कागदी थाळी खिळ्याने ठोकली. आधी पंचवीस यार्डांवर, मग शंभरवर. लाइलने दुर्बिणीचे खटके फिरवत निशाणा थाळीच्या मध्यापेक्षा दोन इंच वर आणला, म्हणजे लांबवर गोळी पडली तरी जनावराच्या छातीतच जाईल. पण त्याच्या गोळ्या विखरत होत्या. एक डावीकडे, एक खाली.

"दुर्बीण ढिली आहे," तो म्हणाला.

"दुर्बीण नाही. तू डोळे मिटतोस."

"मी? चाळीस वर्षं मारतोय मी."

"चाप ओढायच्या आधी डोळे मिटतोस आणि खांदा उडवतोस. शेजारी बसून दिसतंय मला."

मोठ्या बंदुकांचे धक्के खाऊन अंगात शिरलेली खोड होती ती. लाइलला कोणी कधी सांगितली नव्हती, कारण त्याच्या शेजारी कधी कोणी बसलंच नव्हतं. मग आर्लेटने मारल्या. श्वास सोडायचा, थांबायचा, चाप हळू दाबायचा, त्याने सांगितलं तसं. तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"गप्प बस," लाइल म्हणाला.

"मी कुठे काय बोलले?"

हंगाम सुरू झाला. नारिंगी बंड्या घालून दोघं रोज उजाडायच्या आधी निघायची. पण लाइलला बसवत नव्हतं. एका कड्यावर दहा मिनिटं झाली की पलीकडचा कडा बरा वाटायचा. तिथे गेलं की खालचं झुडूप. हरणं दोघांच्या आधीच पावलं ऐकून शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत पळायची. सहा दिवस असे गेले.

"तू शिकार करत नाहीयेस, टपाल वाटतोयस," सातव्या सकाळी आर्लेट पिकअपमध्ये म्हणाली. "आज आपल्या खोऱ्यात चल."

"जळकं रान आहे ते. तिथे काही नाही."

"ओढ्याकाठी कोवळं गवत आलंय. गसने पाहिलंय. हरणं तिथेच उतरतात."

"दुसरीकडे जाऊ."

"लाइल, तुला तिथे जायचं नाहीये म्हणून आपण आठवडाभर वणवण करतोय. वळव गाडी."

त्याने वळवली.

काळ्या खोडांच्या उतारावर एक आडवं झाड पाहून दोघं त्यामागे बसली. खाली ओढ्याकाठी हिरवा पट्टा दिसत होता आणि त्याच्या वर, दगडी पायावर, त्यांच्या घराचं धुरांडं एकटं उभं होतं. लाइलने एकदा तिकडे पाहिलं आणि उठायला लागला. आर्लेटने त्याच्या बंडीचं टोक धरलं.

"बस."

तो बसला. ती समोर बघतच हळू आवाजात बोलली.

"मी नऊ वेळा फोन केला होता."

आगीच्या दिवशी लाइल दोन तासांवरच्या गावात बंदुकांच्या जत्रेला गेला होता. सहावी रायफल बघायला. फोन पिकअपमध्ये राहिला होता. धूर उतरला तेव्हा आर्लेटने एकटीने फोटोंचे आल्बम, औषधं आणि त्याचं कानाचं यंत्र गाडीत टाकलं होतं आणि दोन्हीकडे झाडं पेटलेल्या रस्त्याने गाडी काढली होती. दोन महिन्यांत तिने यातलं एक अक्षर उच्चारलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"नंतर पाहिलं मी," तो म्हणाला. "नऊच होते."

"सातव्यापर्यंत वाटत होतं तू उचलशील. मग फक्त तुझा आवाज ऐकायला केले. ते 'निरोप ठेवा' असतं ना, ते."

वारा जळक्या फांद्यांतून जात होता.

"मला माफ कर, आर्लेट. मी तिथे बंदुका चाळत बसलो होतो. त्या दुकानात बंदुकीला हात लावला की तेच दिसतं. मी रोज उठून—"

"मला माहीत आहे. म्हणून तर पाकीट दिलं. तू आयुष्यभर ट्रेलरभोवती फिरत राहिला असतास."

"रागावली आहेस अजून?"

"हो," ती म्हणाली. "जाईल. आज नाही जायचा."

पाऊण तास दोघं तशीच बसून राहिली. त्याचे पाय शिवशिवत होते, पण तो हलला नाही. मग ओढ्याकाठच्या झुडपातून एक हरिणी बाहेर आली. मान खाली घालून चरायला लागली. रायफल लाइलच्या हातात होती. दुर्बिणीत तिची छाती स्पष्ट दिसत होती, एकशे वीस यार्ड असेल. त्याने चाप दाबला आणि दाबतानाच त्याला कळलं की डोळे मिटले. गोळीने तिच्या पाठीवरून माती उडवली. हरिणी चार उड्या मारून थांबली आणि मागे वळून बघू लागली, कुठून आवाज आला ते.

लाइलने बोल्ट ओढून नवं काडतूस भरलं आणि रायफल बायकोच्या हातात दिली.

"तू."

"मी नाही..."

"पुढच्या पायामागे. श्वास सोड. घाई नाही."

आर्लेटने खोडावर नळी टेकली. श्वास सोडला, थांबली. बार झाला. हरिणी जागच्या जागी बसली आणि आडवी झाली.

आर्लेट रायफल बाजूला ठेवून रडली. थोडंसंच, बाहीने नाक पुसत. लाइलने तिच्या पाठीवर हात ठेवला. खाली उतरल्यावर तिने हरिणीच्या मानेवरून हात फिरवला आणि मग विचारलं, "आता पुढे काय करायचं असतं?"

लाइलने सुरी काढली. पोट फाडणं, आतडी काढणं, काळीज वेगळं ठेवणं, सगळं तिला दाखवत केलं. मांस कापायला ती त्याच्यापेक्षा पटाईत होती. पण हा ऊन ऊन पहिला भाग तिने कधी पाहिला नव्हता. तरी ती मागे सरली नाही. त्याची कंबर पूर्वीची राहिली नव्हती, म्हणून दोघांनी जनावराचे दोन भाग केले आणि पिकअपपर्यंत दोन खेपा करायचं ठरलं. पहिली दोघांनी मिळून केली. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "तू थांब, दमलीस."

तो ओझं गाडीत टाकून परत आला तेव्हा आर्लेट जळक्या घराच्या पायरीवर बसली होती. ओढ्यात धुतलेले लाल हात तिने गुडघ्यांमध्ये धरले होते.

"चल, मांस टांगायला हवं," लाइल म्हणाला. तो पायरीपासून चार पावलं लांबच थांबला.

"थंडी आहे, टिकेल मांस. इकडे ये जरा." तिने पायरीवरची राख हाताने बाजूला केली. "मी त्या दिवशी मागचं दार लावलं होतं की नाही, तेच आठवत नाही मला. वेड्यासारखं रोज आठवत बसते."

लाइल तिच्या शेजारी बसला. दाराच्या जागी आता नुसती हवा होती. त्याने विचारलं, "दार लावायच्या आधी काय केलंस? सुरुवातीपासून सांग. मला काहीच माहीत नाही."

आर्लेटने त्याच्याकडे पाहिलं, आणि धूर पहिल्यांदा कुठून दिसला तिथून सांगायला सुरुवात केली.