भाचीची विंच

मामाला विंच निवडायला न्यायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या. रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारी एखादी चांगली विंच भाचीनं घेतली की जीपमधलं मामाचं काम संपलंच. त्याला हे पक्कं ठाऊक होतं आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती.

जीप भावजींची, म्हणजे भाचीच्या वडिलांची. भावजी जनावरांचे डॉक्टर. डोंगरातल्या गोठ्यांकडे जाणारी वाट कसली, नुसता चिखल आणि धोंडे. गाडी रुतली की स्टिअरिंगवर भावजी आणि उतरायचं ते मामानं, हा न ठरवता ठरलेला कायदा. तारेचा जड दोर खांद्यावर टाकून मामा चिखल तुडवत जायचा, झाडाला हुक अडकवायचा, परत येऊन बंपरवरच्या हातविंचेचा दांडा गरागरा फिरवायचा. गाडी कुरकुरत वर आली की भावजी खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून माझी डॉक्टरकी चालते हो." मग बॉनेटवर डबा उघडायचा, चिखलाच्या हातांनी जेवायचं आणि भावजींनी तेच ते जुने विनोद सांगायचे. काय दिवस होते! भावजी गेले, भाची डॉक्टर झाली, गाडी तिच्याकडे आली. गाडीबरोबर मामाही आला, स्टेपनी येते तसा. आणि आता त्या हातविंचेचे दात तुटले होते.

दुकानदारानं आधी सगळ्यात स्वस्त विंच काढली आणि ही हत्तीसुद्धा ओढेल म्हणून सुरू झाला.

"अरे, मामालाच मामा बनवतोस होय?" मामा म्हणाला. एवढी ओढ दोर गुंडाळायच्या ड्रमवर शेवटचा थर उरला तरच मिळते, हे त्यानं दुकानदाराला ऐकवलं. शिवाय मोटरीच्या झाकणाला धड रबर नव्हतं, पहिल्याच ओढ्यात ती पाणी पिऊन बसली असती. दुसऱ्या विंचेची किंमत ऐकूनच भाचीचे डोळे पांढरे झाले. तिसरी मात्र मामानं उलटीपालटी करून पाहिली, खोड काढायचीच म्हणून पाहिली, आणि खोड सापडेना म्हणून मनातून भडकला. भरल्या गाडीच्या दीडपट ओढ. मोटर पाणी शिरणार नाही अशी घट्ट बंद. सुटे भाग इथेच मिळणारे, किंमत झेपेल अशी. दोर तारेचा नव्हे, धाग्यांचा, एका हातात मावेल इतका हलका. वर रिमोट. दुसरं कुणी लागतच नाही, ताई एकट्या काम करतील, असं दुकानदार कौतुकानं सांगत होता आणि मामाला त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं.

मामा खाकरला. कोपऱ्यात एक हातविंच पडली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाला की यात बिघडण्यासारखं काहीच नाही, बॅटरी नको, वायरी नकोत, जन्मभर चालेल. सगळं खरं होतं, म्हणून तर तोंडातून सहज निघालं. दांडा फिरवायला दुसरा माणूस लागतो, एवढं मात्र त्यानं गिळलं.

भाचीनं त्या तिसरीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. मामा म्हणेल ती, असं दुकानदाराला सांगून ती काउंटरला टेकली. मग सहज बोलावं तशी बोलू लागली. जुनी विंच मोडली ती, तिनं मामाला सांगितलं होतं तशी, अंगणात नव्हे. मामाचा गुडघा सुजला होता त्या दिवशी त्याला न उठवता ती एकटीच वर गेली होती. वर एक गाय अडली होती. ओढ्यात गाडी रुतली, दांडा फिरवून फिरवून तळहात सोलले आणि विंचेचे दातच तुटले. ट्रॅक्टर येऊन गाडी निघेपर्यंत गाय गेली. पोटातलं वासरूही गेलं.

"तुला बोलले नाही, उगीच जिवाला लावून घेतलं असतंस," ती म्हणाली.

मामाला भडभडून आलं. पोर ओढ्यात एकटी तळहात सोलून घेत होती आणि आपण इथे स्वतःच्या पोळीवर तूप ओढतोय, याची त्याला भयंकर लाज वाटली. त्यानं दुकानदाराला हाक मारली आणि रिमोटवालीच बांधायला सांगितली. भाची चकित झाली. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

विंच बसवल्यावर दोघं तिची परीक्षा घ्यायला त्याच ओढ्याकडे गेली. भाचीनं मुद्दाम गाडी चिखलात घातली. चाकं गरगरली, गाडी बसली, आणि मामाचा हात आपोआप दरवाज्याच्या कडीवर गेला.

"मामा, तू उतरू नकोस," भाची म्हणाली.

ती उतरली, दोर झाडाला अडकवून आली आणि जागेवर बसून तिनं रिमोटचं बटण दाबलं. गाडी जराही न कुरकुरता कोरड्या जमिनीवर आली. इतक्या वर्षांत मामा चिखलातून आज पहिल्यांदाच बसून आला होता. त्यानं पायांकडे पाहिलं. बूट स्वच्छ होते.

विंच कशी वाटली, असं भाचीनं विचारलं. फार चांगली आहे, असं तो म्हणाला आणि तोंड खिडकीकडे फिरवून रडला.