गोंडी बोलणारा फोन

"एकेचाळीस फोन खपले!" भूपेश खुर्चीवर चढून ओरडला. "बुधरीबाई, समोरच्याचे चव्वेचाळीस झाले! बोलत राहा, थांबू नका!"

अहेरीच्या आठवडी बाजारात दोन फोन कंपन्यांचे मांडव समोरासमोर होते. शहरांतली गिऱ्हाइकं दोघींनी कधीच वाटून घेतली होती. आता चुरस खेड्यांसाठी होती. भूपेशच्या कंपनीनं फोनला गोंडी शिकवली होती, आणि त्या गोंडीचा आवाज होता बुधरीचा. आश्रमशाळेत वीस वर्षं स्वयंपाक करणारी बुधरी उन्हाळ्याच्या सुटीत बारा दिवस नागपूरला एका बंद खोलीत बसून चार हजार वाक्यं बोलून आली होती.

कंपनीत पैसा लावणारे मुंबईचे साहेब आज स्वतः बघायला आले होते. भूपेशनं तिला सकाळीच सांगितलं होतं, "आज आपण पुढं गेलो तं गोंडी राहील, बाई. नाई तं साहेब बंद करून टाकतीन."

बुधरीनं हातातला जाहिरातीचा कागद ठेवून दिला. मोहफुलं विकायला बसलेल्या एका म्हातारीला तिनं हाताला धरून मांडवात आणलं. म्हातारीनं फोनला गोंडीत विचारलं, "आज मोहाचा भाव काय?"

फोननं भाव सांगितला. म्हातारी फोनकडे बघे, बुधरीकडे बघे.

"अगं, हिचं तोंड तर बंद आहे!"

बाजार हसला. समोरच्या मांडवातली माणसं इकडे धावली. समोरच्यांनी लगेच फोनवर छत्री फुकट दिली. पन्नास-पन्नास झाले. बुधरी माईकवर नावं घेऊन हाका मारू लागली. तिचा घसा बसला.

"अठ्ठावन्न!" भूपेश नाचत होता. "त्यायचे पंचावन्न! जिंकलो नं बाई!"

बायकांनी बुधरीला गराडा घातला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग हळूच भूपेशला विचारलं, "ही भाषा बोलणारे एकूण किती?"

भूपेशनं आकडा सांगितला.

"बस्स?" साहेब म्हणाले.

वर्षअखेरीस देशभराची विक्री मोजली गेली, तेव्हा समोरचीच कंपनी पुढे निघाली. साहेबांनी मोठ्या भाषांवर जोर द्यायला सांगितलं. भूपेशची बदली रायपूरला झाली.

फेब्रुवारीत एका दुपारी शेजारच्या गावातला सुकलू आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. त्या बाजारात त्यानंही फोन घेतला होता. आता त्यातून एक बाई हिंदीत बोलत होती. त्यानं तो बुधरीपुढे धरला आणि गोंडीत विचारलं, "माझं काही चुकलं का? चार दिवस झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस."

बुधरीनं भाताखालची आच कमी केली. पदराला हात पुसून तिनं त्याला पाट दिला.

"बस," ती गोंडीत म्हणाली. "काय विचारायचं होतं?"